परदेशी माध्यमांतला चीन: धुरकं किती आणि चष्मा किती?

चीनचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: परदेशी माध्यमं चीनला मुद्दाम वाईट दाखवतात का? विचारणाऱ्यांचे साधारण दोन गट पडतात. एक म्हणतो, पाश्चात्त्य वर्तमानपत्रांना चीनची प्रगती बघवत नाही, म्हणून तिथला धूर, गर्दी, कुत्र्याचं मांस एवढंच दाखवतात. दुसरा म्हणतो, हा सगळा चिनी सरकारचा कांगावा, बातम्या खऱ्याच आहेत. आजच्या व्याख्यानात आपण या दोघांपैकी एकाची बाजू घेणार नाही. प्रश्नच जरा सुटा करून बघू, कारण एकाच वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न अडकलेले आहेत.

पहिला, बातमीतली माहिती खरी आहे का? दुसरा, माहिती खरी असली तरी नेमकी तीच का निवडली, आणि काय सोडून दिलं? तिसरा, "हा पक्षपात आहे" या तक्रारीचा उपयोग कोण, कशासाठी करतं? हे तीन प्रश्न एकत्र कालवले की वाद होतो, पण हाती काही लागत नाही.

पडद्यावरचा सूर्योदय

सुरुवात एका गाजलेल्या बातमीपासून करू. जानेवारी २०१४. बीजिंगच्या तियानआनमेन चौकात मोठमोठे इलेक्ट्रॉनिक पडदे आहेत. दाट धुरक्यात अशाच एका पडद्यावर लालभडक सूर्य उगवतानाचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. ब्रिटनचं 'डेली मेल', अमेरिकेचं 'टाइम' आणि त्यांच्या मागोमाग कितीतरी संकेतस्थळांनी बातमी दिली की बीजिंगकरांना खरा सूर्य दिसेनासा झालाय, म्हणून ते आता पडद्यावर सूर्योदय बघतात.

प्रत्यक्षात ती शांतुंग प्रांताच्या पर्यटनाची जाहिरात होती. त्या जाहिरातीत काही सेकंद सूर्य दिसायचा, आणि ती हवा स्वच्छ असो की नसो, रोज चालायची. सूर्योदय बघायला कोणी जमलेलं नव्हतं. काही दिवसांत हा प्रकार उघड झाला, दुरुस्त्याही छापल्या गेल्या. पण दुरुस्ती कधीच मूळ बातमीइतकी फिरत नाही, हे आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवरून चांगलंच ठाऊक आहे.

आता बारकाईने बघा. त्या दिवशी बीजिंगची हवा खरोखरच अत्यंत वाईट होती. म्हणजे बातमीचा गाभा खरा आणि वरची कथा खोटी. ही कथा इतक्या संपादकांनी न तपासता का उचलली? कारण त्यांच्या मनात चीनचं जे चित्र आधीपासून होतं, त्यात ती चपखल बसत होती. पॅरिसच्या चौकातल्या पडद्यावर सूर्य दिसला असता, तर "ही कसली जाहिरात?" असं कोणीतरी विचारलं असतं. पूर्वग्रह बहुतेक वेळा असा काम करतो. त्यात ठरवून केलेलं कारस्थान असेलच असं नाही. जी गोष्ट आपल्याला अपेक्षितच असते, तिची तपासणी आपण कमी करतो, एवढंच.

दूतावासाच्या छतावरचं यंत्र

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. २००८ मध्ये बीजिंगमधल्या अमेरिकी दूतावासाने आपल्या आवारात हवा मोजणारं यंत्र बसवलं आणि पीएम २.५ चे तासातासाचे आकडे ट्विटरवर द्यायला सुरुवात केली. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. हे थेट फुप्फुसाच्या खोल भागात उतरतात, म्हणून सर्वांत घातक. त्या काळात चीनच्या सरकारी निर्देशांकात हे कण धरलेच जात नव्हते. त्यात मोठे कण, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड असायचे. त्यामुळे व्हायचं असं की खिडकीतून समोरची इमारत दिसत नाही, सरकारी आकडा म्हणतोय "किरकोळ प्रदूषण" आणि दूतावासाचं यंत्र म्हणतंय "धोकादायक".

नोव्हेंबर २०१० मध्ये तर दूतावासाच्या खात्यावर 'क्रेझी बॅड' असे शब्द उमटले, म्हणजे आपल्या भाषेत 'भयंकर वाईट'. निर्देशांक ५०० च्या वर गेला होता, आणि त्यापुढे मोजपट्टीच संपते. २०११ च्या अखेरीस बांधकाम व्यावसायिक पान शियी यांनी लाखो अनुयायी असलेल्या आपल्या वेबो खात्यावर हा विषय लावून धरला आणि सरकारने पीएम २.५ मोजावं का, असा कौल घेतला. बहुसंख्य लोकांनी अर्थातच "होय" म्हटलं.

सरकारची पहिली प्रतिक्रिया तक्रारीची होती. जून २०१२ मध्ये पर्यावरण खात्याच्या उपमंत्र्यांनी सांगितलं की परदेशी दूतावासांनी असे आकडे प्रसिद्ध करू नयेत, कारण ते राजनैतिक संकेतांना धरून नाही. शिवाय एका ठिकाणच्या यंत्रावरून अख्ख्या शहराबद्दल बोलता येत नाही, आणि अमेरिकी मोजपट्टी चीनला लावणं योग्य नाही. शास्त्र म्हणून यातल्या शेवटच्या दोन मुद्द्यांत तथ्य होतं. पण तोवर सरकारनेच दुसरीकडे पावलं उचलली होती. २०१२ च्या सुरुवातीला नवीन राष्ट्रीय मानकात पीएम २.५ समाविष्ट झालं, आणि जानेवारी २०१३ पासून ७४ शहरांचे आकडे तासागणिक जाहीर होऊ लागले. योगायोग असा की त्याच महिन्यात, १२ जानेवारीला, दूतावासाच्या यंत्रावर पीएम २.५ चं प्रमाण घनमीटरमागे ८८६ मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं. त्या वेळी चीनचे सरकारी आकडेही भयानकच होते, आणि चीनच्या सरकारी वर्तमानपत्रांनीही त्यावर उघडपणे लिहिलं.

यातून आपण काय घ्यायचं? आकडा परदेशी होता, पण खोटा नव्हता. ज्यांच्या छातीत तो धूर जात होता, त्या बीजिंगच्या माणसांनीच तो उचलून धरला. "हा परदेशी हस्तक्षेप आहे" म्हणून तो बाजूला टाकला असता, तर नुकसान अमेरिकेचं झालं नसतं.

तीच हवा, तीन शब्द

मोजपट्टीचा मुद्दा जरा समजून घेऊ, कारण बरेच गैरसमज तिथेच जन्मतात. समजा, एका शहरात दिवसभराचं सरासरी पीएम २.५ घनमीटरमागे ७५ मायक्रोग्रॅम आहे. चीनच्या पद्धतीने निर्देशांक निघतो १००, आणि वर्णन असतं "चांगली". भारताच्या पद्धतीने तो दीडशेच्या आसपास येतो, वर्णन "मध्यम". अमेरिकेच्या पद्धतीने तो १६० च्या पुढेमागे जातो आणि वर्णन होतं "आरोग्याला अपायकारक". हवा तीच, फुप्फुसं तीच, शब्द तीन.

याचं कारण प्रत्येक देशाची मर्यादा वेगळी. दिवसाच्या सरासरीसाठी चीनने ७५ ही मर्यादा ठेवली, भारताने ६०, अमेरिकेने ३५. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर १५ ची आहे. म्हणून बातमीत नुसता "निर्देशांक ३००" असं वाचलं की आधी विचारायचं, कोणत्या देशाच्या पद्धतीने? आणि शक्य असेल तर निर्देशांक सोडून मायक्रोग्रॅमचा मूळ आकडा बघायचा. "यांनी फुगवून सांगितलं" आणि "त्यांनी दडवून सांगितलं" हे दोन्ही आरोप पुष्कळदा इथेच विरघळतात.

काय दाखवलं, काय सोडलं

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: निवड. आम्हाला वाटतं की परदेशी वार्तांकनावरची सगळ्यात वजनदार टीका इथे आहे.

क्वांगतुंग प्रांतातलं क्वेइयू हे गाव घ्या. जुने संगणक आणि मोबाइल फोडून, जाळून त्यातले धातू काढणारं गाव म्हणून त्याची छायाचित्रं जगभर गाजली. तिथे विषारी धूर होता, मुलांच्या रक्तात शिसं सापडलं, हे खरंच. पण त्या ढिगाऱ्यातला बराचसा कचरा श्रीमंत देशांतून आलेला होता. प्लास्टिकचंही तसंच. कित्येक वर्षं जगाच्या निर्यात होणाऱ्या प्लास्टिक कचऱ्याचा सर्वांत मोठा वाटा चीनकडे जात होता. जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवलं की आता हा कचरा घेणार नाही, आणि २०१८ पासून बंदी लागू झाली. तेव्हा कुठे युरोप-अमेरिकेतल्या अनेकांना पहिल्यांदा समजलं की आपण "पुनर्वापराच्या" डब्यात टाकलेली बाटली जात कुठे होती. ढिगाऱ्याचा फोटो खरा, पण ढिगारा कोणाचा हे चौकटीबाहेर राहिलं.

कार्बन उत्सर्जनाचंही असंच. वर्षाच्या एकूण उत्सर्जनात चीन २००६ च्या सुमारास अमेरिकेच्या पुढे गेला आणि आज जगाच्या जवळजवळ तीस टक्के उत्सर्जन एकट्या चीनचं आहे. हे वाक्य पूर्ण खरं. पण माणशी हिशेब केला तर चीन ढोबळमानाने आठ टनांच्या घरात, अमेरिका चौदाच्या आसपास, भारत दोनच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज केली तर अमेरिका अजून पहिली आहे. शिवाय चीनमधला काही धूर इतरांसाठी माल बनवतानाच निघतो. यातला कोणताही एकच आकडा देणारी बातमी खोटी ठरत नाही, पण ती अपुरी असते. आणि हेही सांगायला हवं की फक्त माणशी आकडा सांगणारा चिनी प्रवक्ता तितकाच अपुरा बोलत असतो.

सुधारणेच्या बातम्यांचं काय? मार्च २०१४ मध्ये पंतप्रधान ली केकियांग यांनी "प्रदूषणाविरुद्ध युद्ध" जाहीर केलं. २०१३ मध्ये बीजिंगचं वार्षिक सरासरी पीएम २.५ होतं ८९.५. २०१७ मध्ये ते ५८ वर आलं आणि २०२१ मध्ये ३३ वर, म्हणजे चीनच्या स्वतःच्या ३५ च्या मर्यादेत. दूतावासाच्या यंत्रानेही उतरणच दाखवली. शिकागो विद्यापीठासारख्या परदेशी संस्थांनी या सुधारणेची दखल घेतली, काही वर्तमानपत्रांनीही घेतली. पण धुरक्याच्या फोटोला जेवढी जागा मिळाली, तेवढी निळ्या आकाशाला मिळाली नाही. यात चीनद्वेषच आहे असं समजू नका. विमान पडलं की बातमी होते, उतरलं की होत नाही, हा धंद्याचाच गुणधर्म आहे. परिणाम मात्र असा होतो की आजही अनेकांच्या डोक्यातलं बीजिंग २०१३ च्या जानेवारीतच अडकलेलं आहे.

आणि सुधारणाही फुकट झाली नाही. २०१७ च्या हिवाळ्यात उत्तर चीनमध्ये कोळशाच्या शेगड्या काढून गॅस बसवायची इतकी घाई झाली की काही ठिकाणी शेगडी गेली आणि गॅस आलाच नाही. हपेइ प्रांतातल्या छुयांग भागात शाळेतली मुलं वर्गात थंडी सोसवेना म्हणून बाहेर उन्हात बसून शिकत होती. ही बातमी आधी चिनी वर्तमानपत्रांनी दिली, मग परदेशी माध्यमांनी. ती छापणं हा पक्षपात का? मुळीच नाही. गारठलेल्या मुलांची बाजू कोणीतरी मांडायलाच हवी होती.

समाजाचं चित्र: "प्रत्येकाला गुण"

प्रदूषण निदान मोजता येतं. समाजाबद्दल लिहिताना घसरण जास्त होते. "चीनमध्ये प्रत्येक नागरिकाला सरकार गुण देतं, गुण कमी झाले की रेल्वेचं तिकीट बंद", हे तुम्ही ऐकलं असेल. २०१४ मध्ये चीनने 'सामाजिक पत' व्यवस्थेचा आराखडा काढला, हे खरं. न्यायालयाचा आदेश असूनही पैसे न भरणाऱ्यांची काळी यादी असते आणि त्या यादीतल्यांना विमान किंवा वेगवान रेल्वेचं तिकीट नाकारलं जातं, हेही खरं. रुंगछंगसारख्या काही शहरांत गुण देण्याचे प्रयोग झाले. अलीबाबाच्या गटाने 'सेसमी क्रेडिट' नावाची खाजगी योजना काढली. पण या सगळ्याची मोट बांधून अब्जावधी लोकांना एक राष्ट्रीय आकडा देणारी व्यवस्था अस्तित्वात आली नाही. ती बऱ्याच अंशी मथळ्यांमध्ये तयार झाली.

याचा तोटा असा की काळ्या यादीत अन्यायाने नाव गेलं तर दाद कुठे मागायची, कॅमेऱ्यांवर नियंत्रण कोणाचं, हे खरे प्रश्न त्या अतिरंजित कथेखाली दबतात. कथा खोटी ठरली की सरकारला म्हणता येतं, "बघा, हे लोक आमच्याबद्दल काहीही लिहितात."

तक्रारीचा उपयोग

इथे आपण तिसऱ्या प्रश्नावर येतो. मार्च २००८ मध्ये ल्हासातल्या अशांततेच्या वेळी काही जर्मन वाहिन्यांनी नेपाळी पोलिसांची दृश्यं चिनी कारवाई म्हणून दाखवली. चूक उघडकीला आली आणि मान्यही झाली. त्याच सुमारास एका तरुण चिनी पदवीधराने 'अँटी-सीएनएन' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं आणि अशा चुका गोळा करून मांडल्या. त्या तरुणांचा राग खरा होता, आणि चुकाही बऱ्याच खऱ्या होत्या. २०२१ मध्ये बीबीसी चीनची दृश्यं मुद्दाम करड्या रंगात दाखवते, असा आरोप चिनी समाजमाध्यमांवर पसरला. त्याला नाव पडलं 'पाताळातला फिल्टर'.

पण याच काळात दुसरीकडे काय घडलं तेही बघा. २८ फेब्रुवारी २०१५ रोजी चीनच्या सरकारी वाहिनीवर पूर्वी काम केलेल्या पत्रकार चाय जिंग यांनी 'अंडर द डोम' हा माहितीपट इंटरनेटवर आणला. त्यात शान्शी प्रांतातल्या एका सहा वर्षांच्या मुलीची जुनी मुलाखत आहे. "तू कधी तारा पाहिलास का?" तर नाही. निळं आकाशही तिने धड पाहिलेलं नव्हतं. काही दिवसांत हा माहितीपट दहा कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. नव्या पर्यावरणमंत्र्यांनी त्याचं कौतुक केलं. आणि साधारण आठवड्याभरात तो चीनच्या संकेतस्थळांवरून काढून टाकण्यात आला.

इथे ना परदेशी वार्ताहर होता, ना करडा फिल्टर. चिनी बाईने, चिनी भाषेत, चिनी प्रेक्षकांना सांगितलेली गोष्ट होती. म्हणून "पक्षपात" ही तक्रार ऐकताना विचारायला हवं की तक्रार चुकीच्या माहितीबद्दल आहे, की नको असलेल्या माहितीबद्दल? मा जून यांच्यासारखे पर्यावरण कार्यकर्ते २००६ पासून सरकारी आकडेच गोळा करून कारखान्यांचे नकाशे बनवत आले आहेत. चीनची सगळ्यात नेमकी टीका अनेकदा चीनमधूनच येते. परदेशी माध्यमांना एकसकट खोटं ठरवलं की या माणसांचाही आवाज जातो.

वार्ताहर बसतो कुठे?

चित्र अपुरं राहण्यामागे आणखी एक साधं कारण आहे. परदेशी वृत्तसंस्थांना चीनमध्ये चिनी नागरिकाला वार्ताहर म्हणून नेमता येत नाही, फक्त सहायक म्हणून ठेवता येतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेने चिनी सरकारी माध्यमांच्या कर्मचाऱ्यांवर मर्यादा आणली आणि चीनने तीन मोठ्या अमेरिकी वर्तमानपत्रांच्या पत्रकारांना घालवलं. त्यानंतर बरेच जण तैपेइ किंवा सोलमध्ये बसून चीनबद्दल लिहितात. बाजारात, कारखान्याच्या दाराशी, गावच्या चहाच्या दुकानात बसून लिहिणारे कमी झाले की उरतात उपग्रहाची छायाचित्रं, सरकारी निवेदनं आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती. अशा लिखाणात सरकार दिसतं, माणसं दिसत नाहीत.

आपलीही अवस्था वेगळी नाही. २०२३ मध्ये भारत आणि चीन दोघांनी एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा अडवले. मराठी वर्तमानपत्रात चीनबद्दल जे छापून येतं ते मुख्यतः पाश्चात्त्य वृत्तसंस्थांचं भाषांतर असतं, आणि त्यावर आपल्या सीमावादाचा मसाला. म्हणजे चष्म्यावर आणखी एक चष्मा.

आणि आपल्यावर वेळ येते तेव्हा? २००९ मध्ये 'स्लमडॉग मिलियनेर'ला ऑस्कर मिळालं, तेव्हा "यांना फक्त धारावीच दिसते" अशी तक्रार आपण केलीच. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत दिल्लीचं वार्षिक पीएम २.५ १५३ आणि बीजिंगचं ५६ असं आलं. सर्वांत प्रदूषित वीस शहरांत तेरा भारतातली होती. तेव्हा आपल्याकडचे अधिकारी म्हणाले, तुलना बरोबर नाही, आकडे एकसारखे नाहीत. तुलनेत त्रुटी होत्याही. पण दिल्लीच्या मुलांच्या खोकल्याला त्या त्रुटींचा काही उपयोग झाला नाही.

मग वाचायचं कसं?

चार गोष्टी लक्षात ठेवू. एक, आकडा कोणी, कुठे, कोणत्या पट्टीने मोजला ते बघायचं. दोन, बातमीत एखाद्या चिनी माणसाचं म्हणणं आहे का, की नुसतंच "चीन म्हणतो" आहे? तीन, हीच गोष्ट दुसऱ्या देशात घडली असती तर असाच मथळा आला असता का? चार, "पक्षपात" म्हणणारा माणूस नेमकी चूक दाखवतोय की नुसता रागावलाय? चूक दाखवत असेल तर त्याचं ऐकायचं, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

जाता जाता एक घडामोड सांगायला हवी. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या दूतावासांच्या यंत्रांचे आकडे जगाला देणं थांबवलं. ज्या आकड्यावरून एवढं रामायण झालं, तो बीजिंगचा आकडा त्या दिवशी बंद झाला, आणि दिल्ली-मुंबईचाही. बीजिंगमध्ये आज त्याची फारशी उणीव भासत नाही, कारण लोकांच्या रेट्यामुळे तिथे स्वतःची दाट यंत्रणा उभी राहिली आहे. आपल्या जिल्ह्याच्या गावी हवा मोजणारं यंत्र आहे का, असलं तर चालू आहे का, आणि त्याचा आकडा कुठे बघायला मिळतो, हे आज घरी गेल्यावर जरूर शोधा.